क्रिस्टल पॅलेसचं राष्ट्रीय क्रीडा केंद्र आणि त्याचं वारसा-संरक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे केंद्र नेमकं कुठलं?

दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस पार्कच्या मधोमध उभं असलेलं ‘नॅशनल स्पोर्ट्स सेंटर’. त्या वेळी लंडनचा कारभार पाहणाऱ्या लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविभागाने लेस्ली मार्टिन यांच्या हाताखाली १९५३-५४ मध्ये त्याचा आराखडा केला. बांधकाम १९६० मध्ये सुरू झालं आणि जुलै १९६४ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा यांनी उद्घाटन केलं. पोहणं, बंदिस्त मैदान, राहण्याची सोय आणि शेजारी धावपट्टीचं स्टेडियम, असं सगळं एकाच आवारात आणणारं हे ब्रिटनमधलं युद्धोत्तर काळातलं सर्वांत महत्त्वाकांक्षी क्रीडासंकुल होतं.

क्रिस्टल पॅलेस फुटबॉल क्लब इथेच खेळतो का?

नाही. क्लबचं मैदान सेलहर्स्ट पार्क आहे, थोडं दूर. १९०५ मध्ये स्थापन झाल्यावर पहिली दहा वर्षं तो याच उद्यानात खेळत होता, म्हणून नाव तेच राहिलं.

त्याआधी या जागेवर काय होतं?

१८५१ च्या महाप्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्सटनने हाइड पार्कमध्ये उभारलेला काचेचा महाल पुढे सिडनम हिलवर हलवला आणि १० जून १८५४ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते नव्याने उघडला. टेकडीच्या उतारावर गच्च्या, कारंजी आणि दोन अवाढव्य जलकुंड होती. कारंजी चालवणं परवडेना, तेव्हा कुंडं कोरडी पडली आणि त्यातल्या एकात फुटबॉलचं मैदान झालं. १८९५ ते १९१४ एफ. ए. कपच्या अंतिम लढती इथेच झाल्या. १९०१ च्या अंतिम सामन्याला एक लाख दहा हजारांहून अधिक प्रेक्षक होते. नामवंत क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस याने लंडन काउंटी क्रिकेट क्लब काढला तोही याच उद्यानात. नंतर मोटार शर्यतींचा रस्ता आला, तो १९७२ पर्यंत चालला. महाल मात्र ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून गेला.

हा इतिहास सांगायचं कारण असं की केंद्राची इमारत मोकळ्या माळावर बसलेली नाही. ती पॅक्सटनच्या मधल्या अक्षावर बसली आहे. त्यामुळे तिच्याबद्दलचा कुठलाही निर्णय उद्यानाच्या आखणीपासून सुटा काढता येत नाही.

काँक्रीटची इमारत. त्यात जपण्यासारखं काय आहे?

आत गेल्यावर कळतं. मधोमध तिरक्या काँक्रीटच्या खांबांची रांग आहे, आणि तिच्यावर कागदाला घड्या घालाव्यात तसं सागवानी अस्तराचं छत पेललेलं आहे. या मधल्या कण्याच्या एका बाजूला ‘ओलं’, म्हणजे तलाव, आणि दुसऱ्या बाजूला ‘कोरडं’, म्हणजे बंदिस्त मैदान. प्रेक्षक मधून चालतो, दोन्हीकडे पाहतो. सांगाडाच इथे शोभा आहे, वरून चढवलेली सजावट जवळपास नाही. म्हणूनच दुरुस्ती अवघड होते: विटांच्या इमारतीत प्लॅस्टरखाली खपून जाणारं ठिगळ इथे डोळ्यांत खुपतं.

‘ग्रेड टू स्टार’ म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये सूचीबद्ध, म्हणजे कायद्याने संरक्षित वारसा यादीतल्या, इमारतींच्या तीन पायऱ्या आहेत: ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. सर्वांत वर सुमारे अडीच टक्के इमारती, मधल्या पायरीवर सहा टक्क्यांच्या आत, उरलेल्या नव्वदहून अधिक टक्के ग्रेड टूमध्ये. क्रीडा केंद्राला १९९७ मध्ये मधली पायरी मिळाली. ‘टू’ ऐकून दुय्यम समजू नका.

१९६४ ची इमारत वारसा कशी?

तिथल्या पद्धतीप्रमाणे साधारण तीस वर्षं जुनी इमारत यादीसाठी विचारात घेतली जाते. त्याहून कोवळी असेल तर ती असामान्य असावी लागते. हे केंद्र यादीत आलं तेव्हा तेहतीस वर्षांचं होतं. शंभरी हा निकष नाहीच. आपल्याकडे ‘हेरिटेज’ म्हटलं की दगडी कमान डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हा प्रश्न फार विचारला जातो.

संरक्षण फक्त दर्शनी भागाला असतं ना?

हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. सूचीबद्ध म्हणजे आतून-बाहेरून सगळी इमारत. तिला पक्क्या जोडलेल्या वस्तूही त्यात येतात: उडी मारायचा काँक्रीटचा मनोरा, कठडे, जोडलेली बाकं. यादीतल्या नोंदीत एखाद्या गोष्टीचा उल्लेख नसेल तर ती मोकळी, असंही नाही. जुन्या नोंदी मुळात इमारत ओळखता यावी म्हणून लिहिलेल्या आहेत, संपूर्ण यादी म्हणून नाही.

आवारातल्या सुट्या बांधकामांचा नियम वेगळा. मुख्य इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभं असलेलं बांधकाम आपोआप संरक्षणात येतं. त्यानंतरचं येतंच असं नाही. त्यामुळे १९६० नंतरचा स्टँड, मनोरा किंवा भिंत यांबद्दल बोलण्याआधी नोंद आणि तिच्यासोबतचा नकाशा उघडून पाहावा.

उद्यानाला वेगळं संरक्षण आहे का?

आहे, पण निराळ्या जातीचं. ऐतिहासिक उद्यानांच्या नोंदवहीत क्रिस्टल पॅलेस पार्कही ग्रेड टू स्टार आहे. मात्र त्या नोंदीमुळे स्वतंत्र संमती घ्यावी लागत नाही. बांधकाम परवानगी देताना पालिकेला तिचं वजन मोजावं लागतं आणि हिस्टॉरिक इंग्लंड (वारशाबद्दल सल्ला देणारी सरकारी संस्था) व गार्डन्स ट्रस्ट (ऐतिहासिक उद्यानांसाठीची संस्था) यांचं मत घ्यावं लागतं. शिवाय हे उद्यान ‘मेट्रोपॉलिटन ओपन लँड’ आहे, म्हणजे लंडनच्या नियोजनात मोकळी राखायची जमीन. एकाच उद्यानात शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सचे डायनोसॉरचे पुतळे ग्रेड वन आहेत, जुना रेल्वे भुयारी मार्ग ग्रेड टू स्टार, गच्च्या ग्रेड टू. प्रत्येकाची नोंद वेगळी, म्हणून कागदही वेगळे.

मालक कोण आणि अर्ज कोणाकडे?

जमीन ब्रॉमली या लंडनच्या बरोच्या (स्थानिक प्रशासकीय विभागाच्या) पालिकेची. १९८६ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त झाल्यावर ती ब्रॉमलीकडे आली. क्रीडा केंद्र २००६ मध्ये लंडन डेव्हलपमेंट एजन्सीने दीर्घ भाडेपट्ट्यावर घेतलं आणि ती संस्था गुंडाळल्यावर २०१२ मध्ये ते ग्रेटर लंडन ऑथॉरिटीकडे, म्हणजे महापौरांच्या प्रशासनाकडे गेलं. २०२३ पासून उद्यानाचा कारभार क्रिस्टल पॅलेस पार्क ट्रस्ट पाहतो, पण क्रीडा केंद्र त्यात नाही. रोजचं केंद्र कंत्राटावर चालवणारी कंपनी आणखी चौथी.

अर्ज मात्र एकाच दारात: ब्रॉमलीच्या नियोजन विभागात. तक्रार चुकीच्या दारात गेली की सहा महिने सहज वाया जातात. गळकी खिडकी, पाण्याचं तापमान, बंद वेळा हे चालवणाऱ्याकडे. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा पैसा भाडेपट्टेदाराकडे. बेकायदा बदल पालिकेकडे.

कुठल्या कामाला वारसा-संमती लागते?

सूचीबद्ध इमारतींचा कायदा १९९० चा आहे आणि कसोटी एकच: काम पाडण्याचं आहे का, किंवा इमारतीच्या विशेष वास्तु-ऐतिहासिक स्वरूपाला धक्का लावणारा बदल किंवा वाढीव भाग आहे का? तसं असेल तर संमती हवी. बदल चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा.

तुटलेली फरशी तशाच फरशीने बदलणं ही दुरुस्ती, बहुधा संमतीविना होते. पण ‘तशीच’ या शब्दावर सगळं अडतं. १९६० च्या दशकातल्या फरश्या इंचांत बनत. आजची मिलिमीटरमधली फरशी शेजारी बसवली की सांधे सरकत जातात आणि दहा-बारा फरश्यांनंतर ओळ तिरकी दिसते. मग कंत्राटदार म्हणतो, सगळंच उखडू. तिथे दुरुस्ती संपली आणि बदल सुरू झाला. एकेरी काचेच्या जागी दुहेरी काच, उघड्या काँक्रीटवर रंग किंवा लेप, सागवानी पट्ट्या काढून ध्वनिशोषक फलक, प्रेक्षक बाकं काढून व्यायामशाळा, व्हीलचेअरसाठी नवी लिफ्ट: या सगळ्यांना संमती लागते. लिफ्ट अर्थातच नाकारली जाईल असं नाही. २०१० च्या समता कायद्याखाली अडथळे दूर करण्याचं कर्तव्य आहेच, वाद ती कुठे बसवायची याचा असतो.

अर्जाच्या पायऱ्या काय?

आधी इमारतीचं महत्त्व सांगणारं टिपण तयार करा: कुठला भाग मूळचा, कुठला नंतरचा, कशाला किती मोल. हे टिपण कामाचा आराखडा ठरल्यावर लिहिलं तर वकिली वाटतं. आधी लिहिलं तर आराखडाच सुधारतो. मग पालिका आणि हिस्टॉरिक इंग्लंड यांच्याशी अर्जपूर्व चर्चा. त्यानंतर सध्याच्या स्थितीचे आणि प्रस्तावित नकाशे, सांध्यांचे मोठ्या मापाचे तपशील, कामाची पद्धत, साहित्याचे नमुने.

वारसा-संमतीच्या अर्जाला शुल्क नाही. सोबत बांधकाम परवानगी हवी असेल तर तिचं शुल्क वेगळं. निर्णयाची ठरलेली मुदत आठ आठवडे, मोठ्या प्रकल्पात ती परस्पर संमतीने लांबते. पाडकाम असेल, अंशतः का होईना, तर विसाव्या शतकातल्या इमारतींसाठी झटणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी सोसायटीसारख्या राष्ट्रीय संस्थांना कळवावं लागतं. संमती मिळाली की साधारण तीन वर्षांत काम सुरू करावं लागतं. नकार आला तर सहा महिन्यांत अपील.

आणि संमतीपत्राच्या शेवटी असलेल्या अटी वाचा. ‘नमुना मंजूर झाल्याखेरीज काम सुरू करू नये’ अशी अट असताना काम सुरू केलं तर संमती असूनही उल्लंघन होतं. काम अडकतं ते बहुतेकदा इथेच.

संमतीशिवाय काम केलं तर?

तो फौजदारी गुन्हा आहे, नुसता नियोजनभंग नाही. वरच्या न्यायालयात दोन वर्षांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्ही. ‘माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही. कारवाईला कालमर्यादाही नाही: वीस वर्षांपूर्वीच्या मालकाने केलेला बेकायदा बदल आजच्या मालकाला पूर्ववत करायला लावता येतो. तातडीच्या सुरक्षेसाठी केलेल्या कामाला बचाव आहे, पण तात्पुरता टेकू देऊन भागलं नसतं, काम कमीत कमी तेवढंच केलं आणि लेखी कळवलं, हे दाखवावं लागतं.

अशा इमारतीत नेमकं काय बिघडतं?

काँक्रीट नासतं असं लोक म्हणतात. बहुतेकदा नासते ती आतली सळई. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्या आवरणात सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ते अल्कपण मारतो. त्याची खोली काळाच्या वर्गमुळाने वाढते: पहिल्या २५ वर्षांत १५ मिलिमीटर गेला असेल तर ३० मिलिमीटरला शंभर वर्षं लागतील. म्हणजे सळईवरचं आवरण ३० मिलिमीटर असेल तर चिंता कमी, २० असेल तर संकट येऊन ठेपलेलं. सडपातळ खांब आणि पातळ पाकळ्या काढण्याच्या हौसेत त्या काळी आवरण कमी पडलेल्या जागा सापडतातच. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचे पोपडे उडवतो.

तलावाच्या इमारतीत दुसरा शत्रू क्लोराइड. तो तलावाच्या पाण्यातून झिरपतो. शिवाय १९७७ पर्यंत ब्रिटनमध्ये काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड सर्रास मिसळत. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्याच्या वर क्लोराइड गेलं की गंजाची शक्यता गांभीर्याने धरतात. कार्बनचा मारा पृष्ठभागावर सारखा पसरतो. क्लोराइड एका जागी खोल खड्डा पाडतं, आणि बाहेर डाग दिसेपर्यंत सळई अर्धी झालेली असू शकते.

तपासणीचा क्रम असा: हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखा, आवरण-मापकाने सळईची खोली मोजा, ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारा, गुलाबी झालं तिथे अल्कपण शाबूत, रंग आला नाही तिथे गेलं, मग वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून क्लोराइड तपासा. फिनॉल्फ्थॅलिन जुन्या उघड्या कडेवर मारलं तर ती कड आधीच मेलेली असते आणि सगळं वाईटच दिसतं. ही चूक अहवालांत आढळते, आणि तिच्यावर ‘पाडणंच स्वस्त’ असे निष्कर्षही उभे राहतात.

पोपडे उडालेल्या जागी सिमेंट भरलं की झालं ना?

झालं नाही. सळईच्या मागे २०-२५ मिलिमीटर मोकळं करून, गंज पूर्ण काढून मगच भरायचं असतं. तरीही क्लोराइड असलेल्या भागात ठिगळाच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, दोन-चार वर्षांत नवा गंज सुरू होतो. आधी गंजणारी जागा शेजारच्या सळईला नकळत वाचवत असते. ती दुरुस्त झाली की पाळी शेजारच्याची. म्हणून ठिगळाच्या कडेला जस्ताचे छोटे तुकडे सळईला जोडतात, ते आधी झिजतात.

दिसण्याचा प्रश्न वेगळा. तयार पिशवीतला दुरुस्ती-मसाला एकसारखा करडा असतो, मूळ काँक्रीट तसं नसतं. वाळू आणि खडी जुळवून, साच्याच्या फळ्यांच्या रेषा उठवून तीन-चार नमुने करा आणि ते निदान काही महिने ऊनपावसात ठेवून मगच निवडा. ओला नमुना पाहून दिलेली मंजुरी वाळल्यावर पस्तावायला लावते.

तलाव गळतो आहे की नुसतं बाष्पीभवन?

बादलीत तलावाचंच पाणी घ्या, ती पायरीवर अर्धी बुडवून ठेवा, आतली-बाहेरची पातळी आखा, भरणी बंद करा. चोवीस तासांनी बादलीतली घट म्हणजे बाष्पीभवन, तलावातली जादा घट म्हणजे गळती. ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद तलाव धरला तर एक मिलिमीटर म्हणजे १,००० लिटर. पंप चालू आणि बंद असताना दोनदा मोजा: चालू असताना घट जास्त असेल तर दोष बहुधा नळवाहिन्यांत, दोन्ही वेळा सारखी असेल तर टाकीत किंवा दिव्यांच्या, जाळ्यांच्या कडांशी. मोठ्या टाकीत पहिला संशय प्रसरण-सांध्यांवर घ्यावा. त्यांतला लवचीक भराव वीस वर्षंही पुरत नाही.

मग दुरुस्ती होईपर्यंत तलाव रिकामा ठेवायला काय हरकत?

मोठी हरकत. दोन मीटर पाणी तळावर दर चौरस मीटरला दोन टन भार देतं. तो काढला आणि खाली भूजल चढलेलं असलं की तेच पाणी तळ वर ढकलतं. क्रिस्टल पॅलेस उतारावर आहे, म्हणून वरून येणारं पाणी गृहीत धरलंच पाहिजे. शिवाय कोरड्या पडलेल्या फरश्या आणि त्यांखालचा गिलावा आकसून सुटतात. पुन्हा भरताना घाई नको: दिवसाला ७५ सेंटिमीटरच्या आत, आणि पाणी तापवणं तासाला पाव अंश सेल्सिअसच्या आत, ही सर्वसाधारण शिस्त.

वीज वाचवण्यासाठी हवा खेळवणारी यंत्रणा बंद करणं तर सर्वांत वाईट. चालू तलावात हवा पाण्यापेक्षा अंशभर गरम आणि आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास राखतात. ते थांबलं आणि टाकीत पाणी राहिलं, तर थंड काचांवर आणि छताच्या घड्यांमध्ये दव साचतं, लाकूड काळवंडतं, खिळे गंजतात.

छताची वेगळी तपासणी का मागतात?

१९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे तलावावरचं काँक्रीटचं टांगतं छत कोसळून १२ जण गेले. ते स्टेनलेस स्टीलच्या दांड्यांवर टांगलेलं होतं. तलावावरच्या उबदार, क्लोरीनयुक्त हवेत ताणाखालचं स्टेनलेस स्टील वरून चकचकीत दिसत आतून तडकतं. त्याआधी १९७४ मध्ये पूर्व लंडनमधल्या स्टेपनी भागात एका शाळेच्या तलावाचं छत पडलं, त्याच्या तुळयांत काळाने ताकद गमावणारं उच्च-अ‍ॅल्युमिना सिमेंट होतं. म्हणून टांगण्या, बोल्ट आणि सिमेंटचा प्रकार, या तिन्ही गोष्टी कागदावर नोंदवलेल्या हव्यात. १९९९ च्या आधीची इमारत असल्याने फोडाफोडीपूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसची नूतनीकरणपूर्व तपासणीही बंधनकारक.

वारसा दर्जा आहे म्हणजे तलाव चालूच ठेवावा लागेल ना?

नाही. या पानावरचं सर्वांत नकोसं उत्तर हेच. दर्जा काँक्रीटला, लाकडाला, फरशीला आहे. पोहण्याच्या वेळापत्रकाला नाही. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या टाळेबंदीत बंद झालेला मोठा तलाव टाळेबंदी उठल्यावरही लगेच उघडला नाही, दुरुस्तीचं कारण पुढे आलं. त्यात वारसा कायद्याचा काहीही भंग नव्हता. कायदा मालकाला ‘बदलू नकोस’ म्हणतो, ‘वापर’ म्हणत नाही.

तरी वापराला कागदावर आधार देता येतो. मूळ उपयोगाला धरून राहणारा वापर वारशाला सर्वांत कमी इजा करतो हा युक्तिवाद नियोजनात चालतो. तलावाची टाकी बुजवून वर सपाट मजला टाकण्याचा प्रस्ताव आला तर तो बदल आहे, त्याला संमती लागेल, आणि तिथे हा युक्तिवाद मांडायचा.

मालकाने नुसतं दुर्लक्ष केलं तर?

पालिकेकडे पायऱ्या आहेत. किमान सात दिवसांची लेखी नोटीस देऊन ती स्वतः तातडीची कामं करू शकते, म्हणजे टेकू, ताडपत्री, गळती रोखणं, आणि खर्च मालकाकडून वसूल करू शकते. पुढची पायरी दुरुस्तीची नोटीस. दोन महिन्यांत हालचाल झाली नाही तर सक्तीची खरेदी. कागदावर हे दणकट आहे. प्रत्यक्षात एका सरकारी संस्थेने दुसरीला नोटीस द्यायची म्हटलं की बैठकाच होतात.

पाडता येईल का?

मधल्या आणि वरच्या श्रेणीतली इमारत पाडायला राष्ट्रीय धोरणाप्रमाणे ‘सर्वस्वी अपवादात्मक’ परिस्थिती लागते. शेजारच्या स्टेडियमबाबत योजना येत-जात राहिल्या: २०११ च्या सुमारास टॉटनहॅम आणि क्रिस्टल पॅलेस या दोन्ही फुटबॉल क्लबांनी इथल्यासाठी योजना मांडल्या होत्या. टेकडीवर काचेचा महाल पुन्हा बांधायचा २०१३ चा चिनी प्रस्तावही २०१५ मध्ये बारगळला. दोन्हींत उद्यानाचं संरक्षण मध्ये येत होतं.

मला काही करायचं असेल तर कुठून सुरुवात करू?

हिस्टॉरिक इंग्लंडच्या संकेतस्थळावर यादीतली नोंद मोफत वाचता येते, तिचा क्रमांक टिपून घ्या. ब्रॉमलीच्या नियोजन पानावर तो पत्ता टाकून अर्जांच्या सूचना चालू करा. हरकत लिहिताना ‘आमच्या लहानपणीचा तलाव’ एवढ्यावर थांबू नका, त्याला कायदेशीर वजन नाही. कुठला मूळ भाग जातो आहे, नकाशा क्रमांक कोणता, कमी हानीचा पर्याय काय, हे तीन मुद्दे एका पानात मांडा. खेळाचं मैदान जाणार असेल तर स्पोर्ट इंग्लंड या सरकारी क्रीडासंस्थेचं मत घेतलं आहे का ते विचारा. फोटो काढताना मापासाठी पट्टी ठेवा आणि त्याच जागेचा फोटो दर तीन महिन्यांनी घ्या. वाढणारी भेग आणि जुनी, थांबलेली भेग यांतला फरक एका फोटोत दिसत नाही.